वळणावर काहीही नाही

खोटं कसं लिहावं हे मला कुणी शिकवायला नको. मी मासेमारीची खबर लिहितो.

आमच्या गावच्या साप्ताहिकात शेवटून दुसऱ्या पानावर, ‘हरवले-सापडले’ आणि ‘जुने कपाट विकणे आहे’ यांच्या मधे एक चौकट असते. तिचं नाव ‘पाण्याची खबर’. खाडीचं पाणी किती गार आहे, भरती कधी, वारा कुठला, मासा कुठे लागतोय आणि कुठे रुसून बसलाय, हे सगळं तिच्यात असतं. ती चौकट माझी. धक्क्याजवळ माझं गळ, दोरा, शिसं, तरंगणी, गमबूट आणि आमिषाचं दुकान आहे, त्यामुळे हे काम आपसूक माझ्याकडे आलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? चार लोकांना विचारायचं आणि लिहायचं. इथेच तर गोम आहे. आमच्या गावातला माणूस तुम्हाला त्याचं वय सांगेल, त्याची साखर किती वाढली ते सांगेल, बायकोशी सकाळी कशावरून वाजलं तेही सांगेल. पण मासा कुठे लागला असं विचारा, की तोच माणूस ताकास तूर लागू देत नाही. पुलाखाली लागला म्हणाला, तर समजावं की बर्फाच्या कारखान्यामागे लागला. कुठेच नाही लागला म्हणाला, तर त्याच्या घरी पाहुण्यांना जेवायला बोलावलेलं असतं.

मी यावर माझी एक पद्धत काढलेली आहे. मी माणसाचं बोलणं ऐकतच नाही, त्याची खरेदी बघतो. ‘धक्क्यावर बसणार आहे’ असं म्हणणारा जर जड शिसं घेऊन गेला, तर तो नदीच्या मुखाशी जाणार, कारण ओढ तिथे आहे. ‘घरीच आहे हो या रविवारी’ म्हणणाऱ्यानं लांब दोरा घेतला, तर तो होडी घेऊन खोल पाण्यात जाणार. असं सगळ्या गावाचं खोटं मी दुकानात बसून उलटं करतो आणि खबरीत खरं लिहितो. गावातला खोटेपणा शेवटी माझ्या गल्ल्यावर येऊन सरळ होतो, असं मी बायकोला नेहमी सांगतो. ती म्हणते, “बरं.”

थंडी सरत आली की ही लपवाछपवी कळसाला पोचते. खाडीचं उथळ पाणी तेव्हा इतकं गार होतं की मोठा रुपेरी मासा तिथून उठतो आणि नद्यांच्या खोल डोहांत जाऊन राहतो. आमच्या खाडीला दोन नद्या मिळतात, थोरली आणि धाकटी. मासा कोणत्या नदीत शिरेल, किती आत जाईल, कधी परतेल, काही सांगता येत नाही. म्हणून आम्ही त्याला ‘पाहुणा’ म्हणतो. त्या दिवसांत सकाळी नदीवर धुकं असतं, दुपारी जरा ऊन पडतं, आणि गावातला जो तो आपापली जागा उराशी धरून हिंडतो.

माझ्या बाबांची जागा होती धाकट्या नदीच्या वळणावर.

तिथे पाण्यावर झुकलेलं एक जुनं झाड आहे आणि त्याच्या मुळाशी बसायला खोड. सरत्या थंडीतला एकही रविवार बाबांनी चुकवला नाही. पहाटे उठायचे, गळाची काठी आणि पिशवी घ्यायचे, मोठा थर्मास भरून चहा घ्यायचे आणि जायचे. मी लहान असताना दुपारी फाटकावर बसून वाट बघायचो. लांबून त्यांचा तपकिरी कोट दिसला की पळत जायचो, आणि ते हसत हसत आपले गारठलेले हात माझ्या मानेवर ठेवायचे. तो गारवा मला अजून आठवतो. आत आई ओरडायची, “चपला बाहेर. चिखल बाहेर. आधी हात धुवा.” मग पिशवीतून मासा निघायचा, आणि तो कसा लागला, कसा झुंजला, कसा एकदा हातातून निसटून पुन्हा आला, याची गोष्ट जेवण होईपर्यंत चालायची.

मला मात्र त्यांनी तिथे कधीच नेलं नाही. “तिथे शांतता लागते रे,” असं म्हणायचे. “पान पडलं तरी मासा पळतो. तू मोठा हो, मग नेईन.” मी मोठा झालो तेव्हा रविवार हा माझा धंद्याचा दिवस झाला होता. राहून गेलं.

गेल्या वर्षी बाबा गेले. आणि त्यांच्यामागे आईचा आवाज गेला.

हे नीट सांगायला हवं. माझी आई प्राथमिक शाळेत बाई होती. गावात आज जे टक्कल पडलेले, पोट सुटलेले, मोठमोठ्या हुद्द्यांवर बसलेले लोक दिसतात, त्यातल्या निम्म्यांना तिनं कान धरून पाढे शिकवलेत. तिचा आवाज स्वयंपाकघरातून निघाला की रस्त्यावरचा सायकलवाला उतरून उभा राहायचा. तो आवाज बंद झाला. ती आजारी नव्हती, रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. खिडकीशी बसायची आणि काही विचारलं की म्हणायची, “हं.” जेवतेस? हं. फिरायला येतेस? हं, आणि जागची हलायची नाही. मी एकदा मुद्दाम चिखलाचे बूट घेऊन थेट तिच्या खोलीत गेलो. तिनं बुटांकडे बघितलं आणि पाय जरा बाजूला घेतले. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

आणि मग परवा-परवाच्या एका संध्याकाळी, आम्ही जेवत असताना ती आपणहून म्हणाली, “त्यांची ती जागा बघायची आहे मला. थंडी आहे तोवर.”

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. मी घास गिळला आणि म्हणालो, “या रविवारी जाऊ. तू काही काळजी करू नकोस आई. सगळी व्यवस्था मी करतो. तिथे चिटपाखरू नसेल.”

“हं,” आई म्हणाली.

आता व्यवस्था म्हणजे काय? वळण रिकामं हवं. बाबांना हवी असायची तशी शांतता हवी. आई खोडावर बसेल, धुकं असेल, पाणी हळू वाहत असेल, आणि तिचं मन जरा मोकळं होईल, असं चित्र मी डोळ्यांसमोर रंगवलं होतं. त्यात दाताचे डॉक्टर डबा उघडून बसलेले मला नको होते. आणि गावाला वळणापासून लांब ठेवायचं हत्यार तर माझ्या हातातच होतं. इतकी वर्षं खरं लिहून कमावलेला विश्वास एकदा, फक्त एकदाच, घरच्या कामाला वापरायचा. मी बसलो आणि त्या आठवड्याची खबर लिहिली.

थोरली नदी: पाहुणे आले आहेत, भरतीला पुलाखाली प्रयत्न करावा. धक्का: साधारण. धाकटी नदी, वळण: काहीही नाही. पाणी फार गार. गुडघाभर चिखल. काठ खचलेला असून पाय ठेवणं धोक्याचं. झाडावर गांधीलमाश्यांचं मोठं पोळं. साप दिसल्याचीही चर्चा आहे. मासा तर नाहीच नाही. कुणीही जाऊ नये.

बायकोनं वाचलं. “अहो, या थंडीत गांधीलमाश्या?”

“लोक एवढा विचार करत नाहीत.”

“आणि वळणाचं नावच काढलं नसतं तर?”

“तुला छापील मजकुराची ताकद ठाऊक नाही,” मी म्हणालो. “खोटं बोल पण रेटून बोल, असं म्हणतात ते उगाच नाही.”

“बरं,” ती म्हणाली.

संपादकांना मजकूर फारच आवडला. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून त्यांनी ‘कुणीही जाऊ नये’ हे शब्द ठळक अक्षरांत टाकले, आणि पहिल्यांदाच माझी चौकट ‘हरवले-सापडले’च्या वर गेली.

साप्ताहिक आलं त्या दिवसापासून दुकानात झुंबड. दाताचे डॉक्टर आले. “या रविवारी धक्क्यावर बसावं म्हणतो,” ते म्हणाले आणि गमबूट घेऊन गेले. सलूनवाला आला. तोही धक्क्यावरच बसणार होता. त्यानं गुडघ्याच्या वरपर्यंत येणारे गमबूट आहेत का विचारलं. निवृत्त पोस्टमास्तर आले. ते बाबांचे जुने मित्र. ते काहीच घेत नाहीत, नुसते बसतात, पण जाता जाता त्यांनीही गमबुटांवरून हात फिरवला. डॉक्टर दारातून परत फिरले आणि सहज चौकशी करावी तसं म्हणाले, “काय हो, गांधीलमाशी चावली तर काय लावतात?”

“डॉक्टर तुम्ही, मला काय विचारता?”

“मी दाताचा,” ते म्हणाले. “माशी दाताला नाही चावत.”

मी हसलो. खरंच हसलो. माणसाची विक्री जोरात चालली की त्याची अक्कल सुट्टीवर जाते, दुसरं काय. शनिवारी संध्याकाळी बायको दुकानात आली, मांडणीकडे बघितलं आणि म्हणाली, “गमबूट सगळे संपले?”

“सगळे. लहान मापाचेसुद्धा.”

“पण तुम्हीच सांगत असता ना, माणूस काय बोलतो ते ऐकू नये, काय घेतो ते बघावं. सध्या चिखल कुठे आहे?”

“कुठेच नाही. पाऊस नाही, पाणी ओसरलंय. चिखल असलाच तर फक्त…”

मी थांबलो. गुडघाभर चिखल सबंध खाडीत एकाच ठिकाणी होता, आणि तो मी छापला होता.

“तुमची खबर लोक उलटी वाचतात,” बायको म्हणाली. “पहिल्यापासून. तुम्ही पूल म्हणालात की लोक पूल सोडून सगळीकडे जातात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

ज्या गावात कुणीच मासा कुठे आहे ते खरं सांगत नाही, त्या गावात एकटा मी खरं सांगतोय, असं कुणाच्या डोक्यात येणार? माझ्याही आलं नसतं. मी ते गावाचं खोटं मेहनतीनं सरळ करत होतो आणि गाव ते पुन्हा उलटं करून घेत होतं. अति तेथे माती म्हणतात, मी तर चिखल केला होता.

पण मी हातपाय गाळणारा माणूस नाही. खबर उलटी वाचतात ना? मग आता वळणावर मासेच मासे आहेत असं सांगू, म्हणजे आपोआप कुणी जाणार नाही. वेळ थोडा होता, म्हणून गावात बातमी सर्वांत वेगानं जिथून पसरते तिथे, म्हणजे सलूनमधे गेलो. सलूनवाल्याच्या कात्रीखाली पोस्टमास्तर होते आणि बाकावर आणखी काही गिऱ्हाइकं.

“वळणावर पाहुणे आलेत,” मी दारातूनच म्हणालो. “पाणी दिसत नाही इतके. सगळ्यांनी जावं.”

कात्री थांबली. आरशातून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“पण तुम्ही तर छापलंत की काही नाही,” सलूनवाला म्हणाला.

“ते चुकून. हे खरं आहे.”

सलूनवाल्यानं कात्री खाली ठेवली आणि बाकावरच्या मंडळींना म्हणाला, “बघा. छापलेलं वाचून मला संशय होताच. आता तर माणूस स्वतःच्या पायानं येऊन तोंडानं कबूल करतोय.” मग एक गिऱ्हाईक उठलं आणि म्हणालं, “मी खबरीवर कधी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे मला उलट-सुलट काही ठाऊक नव्हतं. पण हे असं असेल तर मलाही जायला हवं.” त्याच्यामागून दुसरं उठलं.

म्हणजे जे खबर उलटी वाचत होते ते आधीच येणार होते, आणि जे वाचतच नव्हते त्यांना मी स्वतः आमंत्रण देऊन आलो. आगीतून फुफाट्यात, तेही चालत जाऊन.

रात्री आईला सांगावं, पुढच्या रविवारी जाऊ म्हणावं, असं ठरवून मी तिच्या खोलीशी गेलो. तिनं बाबांचा तपकिरी कोट काढून खुर्चीवर ठेवला होता आणि त्याची बटणं घट्ट करत होती. मी दारातूनच परतलो.

सकाळी ती आमच्या आधी तयार होती. अंगात कोट, डोक्याला गुंडाळलेली शाल, एका हातात बाबांची काठी उलटी धरलेली, दुसऱ्या हातात तो मोठा थर्मास. मी गाडी काढली. वाटेत मनात म्हणत होतो की धुकं दाट आहे, गार आहे, लोक झोपले असतील. नदीकडे वळणारा फाटा आला आणि गाड्यांची रांग दिसली. सायकली, स्कूटर, मोटारी, एक शाळेची बस. बस कुणी आणली ते मला आजवर कळलेलं नाही.

वळणावर सगळं गाव होतं. या काठावर होतं, त्या काठावर होतं, खचलेल्या म्हणून छापलेल्या भागावर तर सर्वांत जास्त होतं. माझ्या दुकानातले सगळे गमबूट तिथे उभे होते, आणि चिखल नसल्यामुळे ते चकाचक दिसत होते. कुणी स्टोव्ह आणला होता, कुणी घडीच्या खुर्च्या. दाताच्या डॉक्टरांनी डबा उघडला होता.

आईनं सगळीकडे एक नजर फिरवली.

“चिटपाखरू नसेल म्हणाला होतास,” ती म्हणाली.

डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो. तिनं वर्षभरात एक गोष्ट मागितली होती आणि मी तिची जत्रा केली होती.

झाडाखालच्या खोडावर पोस्टमास्तर बसले होते. आईला बघून ते उठले, टोपी काढली. “वहिनी, या. ही त्याची जागा. आम्ही कुणी बसत नाही तिथे. आज एवढी गर्दी लोटणार असं कालच सलूनमधे कळलं, म्हणून पहाटेपासून राखत बसलो होतो.”

आई खोडावर बसली. हातानं ते खोड चाचपलं. मी तिच्याजवळ उभा राहिलो आणि आता निदान थोडा वेळ तरी शांत जावा असं मनात म्हणतो आहे, तेवढ्यात डॉक्टर किंचाळले.

“लागला! पाहुणा लागला!”

त्यांची काठी धनुष्यासारखी वाकली होती. त्याच क्षणी पलीकडच्या काठावरून सलूनवाल्याची आरोळी आली, “मला पण लागला! मोठा आहे, पकडा मला!” दोघंही ओढायला लागले. डॉक्टर मागे झुकले, सलूनवाला मागे झुकला. “ताकदीचा आहे!” डॉक्टर म्हणाले. “आयुष्यात असा बघितला नाही!” सलूनवाला म्हणाला. डॉक्टरांच्या कमरेला दोघांनी धरलं, सलूनवाल्याच्या कमरेला तिघांनी. मधल्या लोकांचे दोरे त्यात अडकले तसे त्यांनाही पाहुणे लागले. दोन्ही काठांवर सगळं गाव मागे झुकून ओढत होतं आणि मधे नदी काहीच न घडल्यासारखी वाहत होती. हे लोक एकमेकांनाच ओढताहेत, हे माझ्या लक्षात आलं. मी ओरडून सांगितलंही, “मासा नाहीय, मासा नाहीय!” त्यावर ते आणखी जोरानं ओढायला लागले. माझ्या बोलण्याचा लोक काय अर्थ लावतात हे मी तोवर विसरलो होतो.

सलूनवाल्याला धरणारे जरा दमले. तो सरळ पाण्यात आला. कमरेपर्यंतच होतं, पण थंडी सरतीची असली तरी नदीला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं अशी किंकाळी फोडली की झाडावरची पाखरं उडाली. काठावर एकच गोंधळ झाला. कुणी म्हणे काठी द्या, कुणी म्हणे दोर द्या, दोघं डॉक्टरांशी भांडायला लागले, कुणाचा तरी गळ माझ्या टोपीत अडकून टोपी पलीकडे निघाली.

“गप्प!”

माझ्या मागून आला तो आवाज. वर्षभर ऐकला नव्हता, तरी माझे हात आपोआप बाजूला चिकटले. एकटे माझेच नाही. दोन्ही काठांवर टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं जागच्या जागी ताठ झाली.

आई खोडावर उभी होती. “सगळ्यांनी दोरे सोडा. दोन्ही हात वर.” डॉक्टरांचे हात सर्वांत आधी वर गेले. “तू, पाण्यातला. उभं राहून बघत काय बसलास, चालत ये. ये इकडे. पळू नकोस, घसरशील.”

सलूनवाला दात वाजवत या काठावर आला. आईनं बाबांचा कोट काढून त्याच्या अंगावर घातला, घट्ट केलेली बटणं वरपर्यंत लावली आणि थर्मासचं झाकण भरून चहा त्याच्या हातात दिला.

“बाई, यानं माझा दोरा ओढला,” डॉक्टर म्हणाले.

“आधी यांनी ओढला बाई,” कोटातून आवाज आला.

“मी विचारलं का कुणी ओढला ते?” आई म्हणाली. “आता सगळे नीट बसा. हात पसरून बघा. शेजाऱ्याला लागत असेल तर सरका. पलीकडचे पलीकडे, अलीकडचे अलीकडे. आणि तो डबा बंद करा. वेळ झाली की सगळे मिळून खाऊ.”

सगळ्या गावानं हात पसरले. सगळं गाव सरकलं. दोरे सोडवायला तिनं बारीक बोटांची चार माणसं निवडली आणि मला माझी टोपी परत मिळवून दिली. मग ती बसली, आणि मोठ्या थर्मासमधून एकेकाला चहा देऊ लागली. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “आई, माफ कर. बाबांना इथे शांतता हवी असायची. तुला ती द्यायची होती.”

हे ऐकून पोस्टमास्तरांना ठसका लागला. “शांतता? त्याला? वहिनी, तो इथे आला की बोलायला सुरुवात करायचा ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. आम्ही पाच-सहा जण ऐकायचो. गळ टाकायची आठवण कुणाला व्हायची नाही. कितीदा तर त्यानं आमिष आणलेलंच नसायचं.”

आणि मला आठवलं की बाबांनी माझ्या दुकानातून आमिष कधीच नेलं नव्हतं. जुन्या माणसांचं आमिष वेगळं असेल, असं मी समजत होतो. माणसाची खरेदी बघणारा मी.

“पण मग मासे?” मी म्हणालो. “दर रविवारी मासा यायचा.”

यावर पोस्टमास्तर एकदम नदीकडे बघायला लागले. पण बाजारातली मासेवाली, जी एवढी गर्दी जमली म्हणून आपली टोपली घेऊन तिथेच येऊन बसली होती, तिला कुणी खूण केली नव्हती. “माझ्याकडून न्यायचे की,” ती म्हणाली. “दर रविवारी, घरी जाता जाता. चांगला मोठा बघून दे म्हणायचे.”

काठावर खरोखरच पान पडलं असतं तर ऐकू आलं असतं. सगळे आईकडे बघत होते.

“मला माहीत आहे,” आई म्हणाली. “नदीतला मासा खवले काढून, पोट साफ करून घेऊन बाहेर येतो होय? पहिल्या रविवारीच कळलं मला.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“मासा काय, बाजारातून मीही आणला असता. पण तो कसा लागला, कसा झुंजला ते सांगायला लागले की किती खुशीत असायचे ते. दर वेळी नवीन सांगायचे. बोलले असते तर सांगणं बंद झालं असतं.” तिनं थर्मास हलवून बघितला. “मला एवढंच बघायचं होतं, की एकटा माणूस एवढा चहा पितो कुठे. आणि तुला शांतता कुणी मागितली होती रे? शांतता घरात आहे ढीगभर.”

मग पोस्टमास्तरांनी बाबांची एक गोष्ट सांगितली, डॉक्टरांनी दुसरी. सलूनवाल्यानं तिसरी सांगितली, ती कोटातून नीट ऐकू येत नव्हती, म्हणून आईनं त्याला पुन्हा सांगायला लावली. धुकं उठलं, ऊन आलं, डबा फिरला. पाहुणा मात्र एकालाही लागला नाही, अगदी बोटाएवढासुद्धा. माझी सबंध खबर खोटी होती, पण तिच्यातलं ‘मासा तर नाहीच नाही’ हे एक वाक्य शंभर टक्के खरं निघालं, आणि तेही मी थाप म्हणूनच लिहिलं होतं.

दुपारी घरी आलो. मी विचारात होतो, सरळ आत शिरलो.

“चपला बाहेर,” आई ओरडली. “चिखल बाहेर. आधी हात धुवा.”

चिखल नव्हताच. तरी मी बाहेर जाऊन पाय धुतले, आणि जरा जास्तच वेळ धुतले.

संध्याकाळी पुढची खबर लिहायला बसलो तर ती मागे येऊन उभी राहिली. “वळणाचं काय लिहिणार?”

“तू सांग.”

“काहीही नाही, असंच लिही. खरं तेच लिहावं. आणि त्या गांधीलमाश्याही राहू दे, डॉक्टरला आवडल्यात.”

तेव्हा वाचकहो, या आठवड्याचीही खबर तीच आहे: धाकट्या नदीच्या वळणावर काहीही नाही, कुणीही जाऊ नये. फक्त यायचंच असेल तर वेळेवर या. आता दर रविवारी उशिरा येणाऱ्यांना बाई उभं करतात. गेल्या रविवारी मी उभा होतो.